नोकरी सांभाळून कादंबरी लिहिणारे रोज नेमकं करतात काय?

कोयनाकाठ

धागा काढायचं निमित्त साधं आहे. आमच्या बँकेत कोणालाही कळलं की हा कादंबऱ्या लिहितो, की दोन प्रश्न ठरलेले. एक, मूड लागत असेल ना हो. दोन, पैसे किती मिळतात. दुसऱ्यावर खाली कोणीतरी बोलेलच, मला पहिल्यावर बोलायचंय, कारण लोकांच्या डोक्यात लेखक म्हणजे खिडकीत बसून पावसाकडे बघणारा माणूस असतो आणि प्रत्यक्षात तो बराच वेळ मागच्या प्रकरणात काकूंचं नाव सुमन होतं का कुसुम हे शोधत बसलेला असतो.

माझं रुटीन सांगतो. पाचला उठतो. आमच्याकडे नळाला पाणी सव्वासहाला येतं, तोवरचा वेळ माझा, पाणी आलं की घर जागं होतं आणि विषय संपला. आधी कालचं वाचायचं, त्यात दोनचार शब्द इकडचे तिकडे करायचे, त्या ओघात पुढचं वाक्य येतं. नाहीच आलं तर सरळ संवाद लिहायला घेतो, दोन माणसं समोरासमोर बसवली की काहीतरी बोलतातच, नंतर त्यातलं निम्मं उडवता येतं. मग डायरीत तारीख घालून किती झालं ते टाकायचं आणि उठायचं. रविवारी नवीन लिहीत नाही, टायपिंग नाहीतर कोणालातरी भेटायला जाणं, त्याबद्दल नंतर. मार्चमध्ये कादंबरी बंद. मार्च एंडिंगला कर्ज विभागात बसणाऱ्या माणसाने साहित्याच्या गप्पा मारू नयेत.

डायरीची खोड मला अँथनी ट्रॉलपमुळे लागली. हा बाबा १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, पण आयुष्याची तीसेक वर्षं पोस्ट खात्यात नोकरी. रस्त्यावरची टपालपेटी म्हणजे खांबासारखी उभी पेटी इंग्रजांच्या बाजूला १८५२ मध्ये पहिल्यांदा चॅनल बेटांवर बसवली ती याच्या शिफारशीवरून. आणि हे सगळं करून ४७ कादंबऱ्या! पहाटे साडेपाचला टेबलावर. उठवायला एक म्हातारा मोतद्दार (घोडे सांभाळणारा नोकर) ठेवलेला, त्याला त्या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा, म्हणजे स्वतःला आळस करता येऊ नये म्हणून दुसऱ्याला पगार. पहिला अर्धा तास कालचं वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. कादंबरी सुरू करायच्या आधी डायरीत आठवड्यांचे रकाने आखायचे आणि रोज किती पानं झाली ते भरायचं, सरासरी आठवड्याला ४०, कधी २० वर यायची, एकदा ११२ झाली. रकाना रिकामा राहिला की तो डोळ्यांत खुपायचा असं त्याने स्वतःच सांगितलंय.

तर माझं म्हणणं एवढंच की कादंबरी ही मूडने लिहायची गोष्टच नाही, ती हिशेबाने होते. कविता एका रात्रीत होत असेल, मला त्यातलं कळत नाही. पण तीनशे पानं कोणाच्याही मूडला पेलत नाहीत. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांनी आपापलं सांगा. न लिहिणाऱ्यांनीही सांगा, इथे कोणाला अडवलंय.

वाचनवेडी

मस्त धागा. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). काकूंचं नाव शेवटी काय ठरलं? 😀

कोयनाकाठ

कुसुम. पण आता तिच्या जावेचं नाव कुमुद आहे आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होणार म्हणून तीही बदलावी लागणार.

तिरकस

वाह. म्हणजे साहित्याचं पिग्मी खातं. रोज थोडं भरा, मुदतीनंतर कादंबरी घेऊन जा.

ट्रॉलपची गोष्ट अर्धीच सांगितलीत. हे जे घड्याळ, रकाने, पाव तास, हे सगळं त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ ला छापलं गेलं. त्यात त्याने पुस्तकागणिक मिळालेल्या पैशाची यादी दिलीय, एकूण बेरीज ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. पेन्ससकट! लोकांनी ते वाचलं आणि म्हणाले अरे हा तर कारकून निघाला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव मागे पडलं. ते उगाच झालं का? ४७ पैकी आज लोक किती वाचतात? हिशेबाने पानं भरतात यात वाद नाही, प्रश्न पानांत काय आहे हा आहे.

आणि दुसरं टोक बघा. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीने १८६६ मध्ये एक अख्खी कादंबरी २६ दिवसांत सांगून लिहून घेतली, कारण प्रकाशकाशी असला भयानक करार करून बसलेला की मुदत चुकली असती तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन त्या माणसाला फुकट छापायचा हक्क मिळाला असता. लघुलेखनासाठी जी मुलगी ठेवली होती, ॲना, तिच्याशी पुढच्या वर्षी लग्न केलं. तिथे कुठे होती डायरी? जुगारी माणूस, डोक्यावर कर्ज, आणि कादंबरी जुगारावर. आत काहीतरी पेटलेलं लागतं राव.

कोयनाकाठ

तिरकसराव, पिग्मी खातं आवडलं, उद्या एजंटला सांगतो.

दस्तयेव्हस्कीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं असं नाही वाटत? समोर एक मुलगी वही घेऊन रोज ठरलेल्या वेळी येऊन बसते आणि तिला काहीतरी सांगावंच लागतं, हे रुटीनच झालं की. तो रात्री टिपणं काढायचा आणि दुपारी तिला सांगायचा. पेटलेलं होतंच, त्याबद्दल वाद नाही, पण ते कागदावर उतरलं ते तिच्या येण्याजाण्यामुळे.

लोक किती वाचतात म्हणाल तर ट्रॉलप परत वर आला, त्याच्या बार्सेटशायर या काल्पनिक परगण्यातल्या कादंबऱ्या आजही छापात आहेत.

उंबरा

मी डोंबिवलीची. दोन पुस्तकं आलीत, तिसरं चाललंय. पहाटे पाचचं काही सांगू नका, पाचला माझा डबा चालू असतो. माझी कादंबरी लोकलमध्ये होते, लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी, उभं राहायला लागलं तरी, मोबाईलवर. स्वतःलाच व्हॉट्सॲप करते, स्वतःशीच असलेल्या त्या चॅटमध्ये एका मेसेजला एक परिच्छेद, घरी गेल्यावर लॅपटॉपवर चिकटवते. घाटकोपरपर्यंत लिहिते, नंतर दादरची गर्दी चढली की फोन पर्समध्ये. एकदा शेजारची बाई वाचत होती खांद्यावरून, म्हणाली "त्या मुलीला परत नवऱ्याकडे पाठवू नका हां". मी पाठवणार होते. मग नाही पाठवलं.

ट्रॉलपबद्दल मलाही एक माहितीये. तोसुद्धा ट्रेनमध्ये लिहायचा! पोस्टाच्या कामाने सारखं फिरणं, म्हणून मांडीवर ठेवायची छोटी पाटीवजा फळी करून घेतली आणि डब्यात पेन्सिलने लिहायचा, पहिल्यांदा म्हणे डब्यातल्या लोकांसमोर लाजायचा. आता पुढचं ऐका. ते पेन्सिलचं लिहिलेलं नंतर त्याची बायको शाईने स्वच्छ उतरवून काढायची. पहाटे उठवायला नोकर, फेअर कॉपीला बायको. मलाही असा स्टाफ द्या, मी पन्नास लिहिते.

आणि त्याची आई विसरू नका कोणी. फ्रान्सेस ट्रॉलप, नवरा कर्जबाजारी, घरात क्षयाने मरणारी मुलं आणि आजारी नवरा, त्यांची शुश्रूषा करत ती पहाटे चारला उठून लिहायची आणि त्या पैशावर घर चालायचं. पोराला साडेपाचची सवय कुठून आली असेल सांगा.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनचंही असंच. न्यूयॉर्कला एका मोठ्या प्रकाशनात संपादक, दोन मुलगे एकटीने वाढवलेले, पहिली कादंबरी १९७० मध्ये आली. मुलं उठायच्या आधी लिहायची म्हणून पहाट, आणि नंतर तीच सवय लागली, अंधार असताना कॉफी करायची आणि उजेड येताना बघायचा, मग बसायचं. लोक याला फार रोमँटिक करून सांगतात. ती वेळ उरलेली होती म्हणून ती वेळ.

लघुकोन

उंबराताई दंडवत 🙏

मी नवीन आहे, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कादंबरी सुरू केलीय, चार प्रकरणं झालीत आणि आता पुढे काहीच सुचत नाहीये. पहिली चार इतकी भराभर आली की वाटलं महिन्यात संपेल. हे सगळ्यांचं होतं का? का माझ्यात मटेरियलच नाही?

उंबरा

सगळ्यांचं होतं रे. पहिली तीनचार प्रकरणं तुझ्या डोक्यात वर्षानुवर्षं फिरत असतात, ती फक्त उतरवायची असतात. खरी कादंबरी पाचव्या प्रकरणापासून लिहावी लागते. मागे जाऊन पॉलिश करत बसू नकोस, तो सगळ्यात मोठा खड्डा आहे, पहिलं प्रकरण चकाचक झालेल्या आणि पुढे काही नसलेल्या कादंबऱ्या घरोघरी पडल्यात.

कोयनाकाठ

उंबराताईंशी सहमत, त्यात एक भर. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने सांगितलेली युक्ती करून बघ, पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं. म्हणजे वाक्य अडलं म्हणून उठायचं नाही, वाक्य येत असताना उठायचं. ऐकायला उलटं वाटतं पण दुसऱ्या दिवशी बसल्यावर हात चालतो. तो हवानाजवळच्या घरात उभ्याने लिहायचा आणि रोजचे शब्द एका पुठ्ठ्यावर टाकायचा, स्वतःला फसवायचं नाही म्हणून. बघा, पुठ्ठा तिथेही आहे.

जपानी कादंबरीकार मुराकामी तर आकडा झाला की उठतोच. जपानी ४०० अक्षरी चौकटीच्या कागदाची रोज दहा पानं, जास्त लिहावंसं वाटलं तरी नाही आणि नको वाटलं तरी दहा. कादंबरी चालू असताना पहाटे चारला उठणं, पाचसहा तास काम, मग १० किलोमीटर पळणं किंवा १,५०० मीटर पोहणं, रात्री नऊला झोप. आधी तो टोकियोत जॅझ बार चालवायचा, पहिल्या दोन कादंबऱ्या बार बंद झाल्यावर रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिल्यात, बार विकल्यावर सगळं पहाटेवर आलं. आपल्याला पळणं जमणार नाही, मी पाण्याच्या बादल्या उचलतो तेवढं पुरे.

तिरकस

काफ्काला विसरलात. प्रागला विमा कार्यालयात दुपारी दोनपर्यंत, मग झोप, आणि रात्री दहा-साडेदहानंतर लिखाण, कधी दोनपर्यंत कधी सकाळपर्यंत. एक मोठी कथा एका रात्रीत, १९१२ च्या सप्टेंबरात, रात्री दहा ते सकाळी सहा. त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या. हिशेब केला असता तर पुऱ्या झाल्या असत्या आणि कदाचित कोणी वाचल्या नसत्या.

कोयनाकाठ

हे मात्र मान्य. काफ्काला ट्रॉलपची डायरी दिली असती तर त्याने डायरीवरच कादंबरी लिहिली असती आणि तीही अपुरी ठेवली असती.

शिरोडेकर

परदेशातली नावं फार झाली. आपल्याकडे काय कमी आहेत. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. तेव्हाचं शिरोडा म्हणजे वीज नाही, धड रस्ता नाही, वर्गावर शिकवायचं, शाळेचा कारभार बघायचा, तब्येत कायम नरम आणि डोळ्यांचा त्रास. त्यात कादंबऱ्या, कथा, लघुनिबंध. पुढे कोल्हापुरात दृष्टी फारच अधू झाली तेव्हा तोंडी सांगून लिहून घ्यायचे. ज्ञानपीठ १९७४ चं, मराठीतलं पहिलं.

हरिभाऊ आपटे बघा. पुण्यात आनंदाश्रमाचे व्यवस्थापक, म्हणजे संस्कृत पोथ्या छापायच्या संस्थेचा कारभार, शिवाय नगरपालिकेचं राजकारण, आणि १८९० पासून स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला कादंबरीचा पुढचा भाग द्यायचाच, आजारी असा नाहीतर काही असा, छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस वाट बघत बसलेला. मराठी सामाजिक कादंबरी म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतो ती अशी हप्त्याहप्त्याने आलीय. काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या त्यांच्या, ते पण खरं.

श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला. कादंबऱ्या बहुतेक दापोली-हर्णै-मुर्डीच्या. मला याचं कायम नवल वाटतं, दिवसभर बस आणि कामगारांच्या फायली आणि संध्याकाळी लिहायला बसलं की बागा, खाडी, भाऊबंदकी. उलट बेस्टचाही इतिहास लिहिला त्यांनी.

आणि अण्णाभाऊ. घाटकोपरच्या चिरागनगरात पत्र्याच्या झोपडीत राहून लिहायचे. तिथे कसली पहाट आणि कसला एकांत.

उंबरा

पेंडश्यांचं नवल नाही वाटत मला. गाव सोडल्यावरच गाव लिहिता येतं. मी डोंबिवलीवर एक ओळ लिहू शकलेले नाहीये, सगळं जळगावचंच येतं.

कंपोझिटर

मी लेखक नाही. अप्पा बळवंत चौकात डीटीपी करतो, वीस-बावीस वर्षं झाली, म्हणजे तुमच्या कादंबऱ्यांचा पहिला वाचक मी असतो आणि मानधन पानावर घेतो, तेव्हा हिशेबाच्या बाजूने माझं मत धरा.

लेखकमंडळींना हात जोडून काही विनंत्या. व्हॉट्सॲपवर तुकडे पाठवू नका (उंबराताई तुम्हाला नाही, तुम्ही एकत्र करून देत असाल). एक फाईल, एक युनिकोड फॉन्ट, परिच्छेदाला एंटर एकदाच. जुन्या फॉन्टात टाईप केलेलं कन्व्हर्ट करताना रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, "ऱ्या" तर हमखास फुटतो, ॲ ऐवजी चौकोन येतो, आणि मग लेखक फोन करून विचारतो की माझ्या कादंबरीतले सगळे "दुसऱ्या" कुठे गेले. बोलून टाईप करणारे वाढलेत, चांगलंय, पण त्यात विरामचिन्ह नसतं, साठ पानं एकच वाक्य अशी फाईल येते आणि मला कळत नाही हा प्रयोग आहे का विसरलेत.

दुसरं, प्रुफं बघताना कादंबरी परत लिहू नका. एक लेखक दुसऱ्या प्रुफावर नायकाला जिवंत करतात. चार पानं वाढली की फॉर्म बदलतो, सोळा पानांचा हिशेब असतो, मागे कोरी पानं सुटतात किंवा किंमत वाढते. प्रकाशक मला बोलतो.

वाचनवेडी

नायकाला जिवंत 😂😂 खिक्

लघुकोन

कंपोझिटर काका, गुगल डॉक्समध्ये लिहिलं तर चालेल ना?

कंपोझिटर

चालेल. फक्त लिंक पाठवू नका, डाउनलोड करून पाठवा. लिंक उघडून मी सुधारलं की तिकडे तुम्ही बदलताय, असं झालंय.

तिरकस

पैशाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची निघायची, आता पाचशेची, कधी तीनशेची. लेखकाला दहा-पंधरा टक्के, तेही विकल्या गेल्यावर, तेही आठवण केल्यावर. साडेतीनशे रुपयांची कादंबरी, गणित तुम्हीच करा, वर्षभराच्या पहाटेला किती पडले ते. नोकरी सोडून कादंबरीवर जगणारा मराठीत हाताच्या बोटांवर. तेव्हा "नोकरी सांभाळून" हा पर्याय नाहीये, तीच अट आहे.

उंबरा

खरंय. माझ्या पहिल्या पुस्तकाला राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान होतं म्हणून ते निघालं. दुसऱ्याचं काय झालं ते सांगत नाही, प्रकाशक इथे असतील तर 🙂

पैसे त्यातल्या त्यात ऑडिओत. मी एक मालिका लिहून दिली ऐकायच्या ॲपसाठी, भागागणिक ठरलेले पैसे आणि ठरलेल्या दिवशी. पण ते लिखाण वेगळं. ऐकणारा भांडी घासतोय, गाडी चालवतोय, त्याला तीन पिढ्यांची नावं लक्षात राहत नाहीत. दर भागाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवावं लागतं. हरिभाऊंच्या साप्ताहिकासारखंच झालं की हे, फक्त खिळे जुळवणाऱ्याच्या जागी प्रोड्युसर, तो रात्री साडेअकराला "ताई एपिसोड?" असा मेसेज टाकतो.

दिवाळी अंकांचंही तसंच, लघुकादंबरी मागतात उन्हाळ्यात, द्यायची गणपतीच्या आत. त्या मुदतीमुळे माझी एक पूर्ण झाली, नाहीतर अजून लोकलमध्येच फिरत असती.

शिरोडेकर

कोयनाकाठ, रविवारी कोणाला भेटायला जाता ते राहिलं.

कोयनाकाठ

हो, ते सांगायचंच होतं.

सध्याचं जे चाललंय त्यात १९६७ चा कोयनेचा भूकंप येतो. ११ डिसेंबर, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आता हा आकडा सगळ्यांना मिळतो, पण कादंबरीला तो पुरत नाही. मला वार हवा असतो, कारण वार कळला की माणसं कुठे होती ते कळतं. सोमवार होता. म्हणजे आदल्या दिवशी रविवार, कामावरचा माणूस घरी आलेला असू शकतो, किंवा रविवारी संध्याकाळची गाडी धरून परत गेलेला असू शकतो, आणि माझी अर्धी कादंबरी या एका गाडीवर उभी आहे. मग पंचांग काढलं. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, चंद्र अर्ध्याहून मोठा पण मध्यरात्रीनंतर मावळून गेलेला. म्हणजे घर पडलं तेव्हा बाहेर काळोख. चांदण्यात पडलेली घरं लिहायची आणि काळोखात लिहायची यात फार फरक पडतो हो. काळोखात आधी आवाज येतात, कोण जिवंत आहे ते हाकेवरून कळतं, धूळ दिसत नाही, घशात जाते. तिथून ते प्रकरण सगळं कानांनी लिहिलं.

रविवारी पाटण, हेळवाक, कोयनानगर या पट्ट्यात जाऊन जुन्या माणसांशी बोलतो. विचारतो भूकंपाचं आणि ते सांगतात म्हशीचं. तेच हवं असतं. "कसं वाटलं" विचारलं की सगळे सारखंच बोलतात, टीव्हीवर ऐकलेलं. "त्या दिवशी दूध कुठे तापवलं" विचारलं की गोष्ट सुरू होते.

तिरकसरावांना हेच उत्तर आहे माझं. डायरीत पानांचा हिशेब असतो, पण त्याच्यामागे हे असतं. आणि हे करायला मूड लागत नाही, एसटीचं वेळापत्रक लागतं.

आजोळ_पाटण

अंगावर काटा आला. आमची आजी सांगायची की नंतर कितीतरी रात्री सगळे अंगणात, थंडीत, घरात झोपायची छातीच होईना, कारण धक्के थांबत नव्हते. उखळ आणि जातं तेवढं जाग्यावर राहिलं होतं म्हणे. आणि दूध म्हणाल तर आजी म्हणायची गुरं आदल्या रात्री दावी ओढत होती, पण हे तिने नंतर जोडलेलं असेल, आजोबा म्हणायचे गुरं रोजच ओढतात.

कोयनाकाठ

आजोबांचं वाक्य वापरू का? परवानगी असेल तरच.

आजोळ_पाटण

वापरा की. आजोबा असते तर मानधन मागितलं असतं.

तिरकस

चांद्रमानाचं आवडलं. मागे एका कादंबरीत अमावास्येच्या रात्री नायिका चांदण्यात बसलेली वाचली होती, लेखकाला पत्रही लिहिलं, उत्तर नाही. तुमचा हिशेब अशा कामाचा असेल तर माझा विरोध मागे. अर्धा.

एक सांगा, पात्र मारायचं कसं ठरवता? तेही डायरीत असतं का?

उंबरा

मी सांगते ट्रॉलपने कसं ठरवलं. त्याच्या कादंबऱ्यांत एक बिशपची बायको आहे, मिसेस प्राउडी, जबरदस्त खडूस बाई, एकामागून एक कादंबरीत येते. तो लंडनला क्लबात बसून लिहीत होता आणि शेजारी दोन पाद्री त्याच्याच कादंबऱ्यांना नावं ठेवत होते, तीच तीच पात्रं आणतो म्हणून, आणि त्यात या बाईला जास्त. हा उठला, जाऊन म्हणाला तो लेखक मीच, आणि ती बाई आठवड्याच्या आत मेलेली असेल. आणि खरंच मारली! नंतर म्हणे त्याला स्वतःलाच चुकचुकल्यासारखं व्हायचं, तिची सवय झाली होती.

माझ्या लोकलमधल्या बाईसारखंच. फक्त माझीने वाचवली आणि त्यांनी मारली.

लघुकोन

हे भारी आहे. मी पाचवं प्रकरण संवादाने सुरू केलं, कोयनाकाठदादांनी सांगितलं तसं. दोघं बसवली. भांडतायत. कशावरून ते मलाच माहीत नाही अजून.

उंबरा

भांडू दे. मधे पडू नकोस.

वाचनवेडी

कादंबरी संपली की दुसऱ्या दिवशी काय करता तुम्ही लोक? मला वाचून संपली तरी दोन दिवस सुचत नाही.

कोयनाकाठ

ट्रॉलपचं सांगून झालं की माझं सांगतो. १८५८ मध्ये तो पोस्टाच्या कामाने इजिप्तला गेला, बोट लागून जीव नकोसा झालेला, केबिनमध्ये ओकून येऊन परत लिहायला बसायचा. एक कादंबरी संपवली आणि दुसऱ्याच दिवशी पुढचीची सुरुवात केली. मला हे जमत नाही. माझं संपलं की मी आधी कपाट आवरतो, बायको म्हणते संपली वाटतं.

बरं, कामाचं. वर ज्या रविवारच्या गाडीचं म्हणालो, ती कराडहून कोयनानगरला संध्याकाळी किती वाजता सुटायची आणि तिकीट किती होतं, १९६७ चं, कोणाला माहीत आहे का? डेपोत विचारलं, जुनं काही ठेवलेलं नाही म्हणाले. चुकीची वेळ लिहिली तर माझा माणूस चुकीच्या गावात झोपतो.

शिरोडेकर

जुन्या वर्तमानपत्रांत एसटीच्या जाहीर सूचना आणि वेळातले बदल यायचे. पुण्यात 'केसरी'च्या फायली बघा, डिसेंबरच्या आधीचे दोनतीन महिने चाळा. शिवाय निवृत्त कंडक्टर गाठा, त्यांना तिकिटाचे पैसे पाठ असतात, वेळा मात्र ड्रायव्हरला.

आजोळ_पाटण

आमच्या शेजारी एक आहेत एसटीतून रिटायर झालेले, ऐंशीच्या पुढचे, पण तल्लख. त्या मार्गावर होते का ते विचारून सांगते. मात्र दुपारी झोपतात, चारनंतर बोलावं लागेल, आणि गुटख्याची पुडी न्यायची नाही, त्यांच्या सुनेने बजावलंय.

कोयनाकाठ

चारनंतर चालेल. या रविवारी येतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.